पाचवं रीळ

आमची पाठ पडद्याकडे असते.
कुटाइसीच्या या थिएटरात तीन वर्षं मी हा सिनेमा वाजवते आहे,
पाहिलेला मात्र नाही.

व्हियोलाच्या दुसऱ्या खुर्चीवरून मला दिसतात पहिल्या सहा रांगा.
जी काही गोष्ट कळली, ती तिथल्या चेहऱ्यांवरून:
गालांवरून उजेड धावू लागला की घोडे आले,
भुवया चढल्या की नावाड्याच्या मुलीने
डोक्याचा रुमाल सोडून नदीत फेकला.
हसतात ते वसुलीच्या कारकुनाला. तो पाण्यात पडत असावा,
कारण तेव्हाच आमचा ट्युबावाला गाल फुगवतो.

बादुरीपुढे ताटलीएवढा एक पडदा आहे.
तो त्यात बघतो, आम्ही बादुरीत बघतो.

सिनेमा मुका, शंभरीला टेकलेला.
पाचवं रीळ हरवलं आहे.
जळलं, म्हणतो मशीनवरचा ओतिआ.
कुणी म्हणतं, टंचाईत वितळवून त्याचे कंगवे केले
आणि गावाने ते वर्षानुवर्षं केसांतून फिरवले.

संगीत लिहिणाऱ्या बाईने ती जागा बुजवली नाही.
सहा मिनिटं पडदा पांढरा,
आणि आम्ही वाजवायचं.
पहिल्या वर्षी लोकांनी मागे वळून
ओतिआला शिट्ट्या मारल्या होत्या.

काल तिसऱ्या रांगेत त्सियाला होती.
शहाऐंशीची. काळा कोट, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात.
शेजारी पणतू, द्राक्षरसात बुडवलेली अक्रोडांची माळ चघळत.
तिची आई आहे म्हणे या सिनेमात.
नऊ वर्षांची पोर, बाजारातून धरून आणलेली:
ही बकरी घे आणि पुलावरून पळ.
मजुरी, साबणाची एक वडी.
हे सगळं पाचव्या रिळात.

पांढरा उजेड पडला.
गालांवरची धावपळ थांबली, चेहरे पीठ चाळल्यासारखे.
चौऱ्याऐंशी मात्रा आम्ही गप्प.
एकटी क्लॅरिनेट,
आणि पार मागे ग्वांत्सा, लाकडी ठोकळ्यांवर
टक टक, टक टक.
मी मोजत होते. सव्वीस. सत्तावीस.

त्सियालाचे डोळे हलले.
डावीकडून निघाले, आधी बिचकत,
मग भराभर, उजवीकडे,
पुलाच्या लांबीएवढे.
कोऱ्या पडद्यावर पळतंय कोण?
पोराचं चघळणं थांबलं.
त्याने आजीकडे पाहिलं, ती बघते तिथे पाहिलं,
आणि त्याची मान वळू लागली, तिच्याच चालीने.
मग त्याच्या पुढच्या रांगेतला टकलू,
जो दरवर्षी या सहा मिनिटांत झोप काढून घेतो,
तोही कशासाठी तरी बाजूला सरकला,
जसं एखाद्याला वाट द्यावी.

आणि मी वळले.
तीन वर्षांत पहिल्यांदा, भर कार्यक्रमात,
हनुवटीखालचा व्हियोला तसाच सोडून.

पांढरं.
नुसतं पांढरं, भिंतभर.
खालच्या कोपऱ्यात मशीनमध्ये अडकलेला
कुणाचा तरी एक केस
थरथरत होता.

दोन मात्रा उशिरा शिरले मी.
बादुरीने पाहिलं ते इथे सांगण्यासारखं नाही.
मग सहावं रीळ लागलं, पूर आला,
सहाही रांगांच्या गालांवरून पाणी वाहू लागलं.
त्यातलं सिनेमातलं किती, मला कधीच ठरवता येत नाही.

खेळ संपल्यावर मागच्या दाराशी
त्सियाला पणतवाच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती.
मला वाटलं, आता रडेल, हात हातात घेईल.
तिला मी नकोच होते.
ठोकळे वाजवणारी कोण, म्हणाली.
ग्वांत्सा आली, ओला स्कार्फ गुंडाळत.

बकरी लंगडत होती, म्हणाली त्सियाला.
आई नेहमी सांगायची, मागचा डावा पाय.
तू चारही सारखे वाजवतेस.

ग्वांत्साने तिथेच, भिंतीला कागद टेकवून,
पेन्सिलने दर चौथ्या ठोक्याखाली
एक बारीक रेघ ओढली.