भाडं

फळ्यावर यादी होती:
थोरांची चरित्रं, संतवाङ्मय, ग्रामीण कथा, प्रवासवर्णन.
यातलं एक पुस्तक घ्या, रसग्रहण लिहा, वीस गुण.
हत्तीमारे सरांनी हाताचा खडू झटकला.
मी उभी राहिले.
सर, लहान पोरांचं चालते का? जादूचं?

मागच्या बाकावरून हसू सांडलं,
धानाचं पोतं उसवावं तसं, भसाभस.
सर म्हणाले, अकरावीत आहेस तू, मोनाली.
जे घडतच नाही त्याच्यावर काय लिहिशील?
मी विचारणार होते,
सर, तुमच्या घराण्यात शेवटचा हत्ती कोणी मारला?
नाही विचारलं.
तोंडी परीक्षेचे गुण त्यांच्याच हातात.

पुस्तक सापडलं सातवीत,
जिल्हा परिषद शाळेच्या पत्र्याच्या कपाटात,
खिचडीच्या हिशेबाच्या रजिस्टरांखाली.
मुखपृष्ठ वाळवीनं खाल्लेलं,
लेखकाचं नावही तिच्याच पोटात.
त्यातली मुलगी भावाला शोधत
तलावाच्या बुडाशी उतरते.
तिथं एक नावाडी. पैसे घेत नाही.
दर फेरीला एक शब्द घेतो.
दिलेला शब्द मग तोंडात येत नाही,
वस्तू समोर असते, जीभ नुसती चाचपडते.
मुलगी आधी फालतूचे देते:
पडसं. गणवेश. वजाबाकी.
पण फेऱ्या संपत नाहीत.

माझे बाबा ढिवर.
तलाव मच्छीमार सोसायटीचा,
सिंगाडे काढायला कंबरभर पाण्यात आम्ही.
बाबांकडे पाण्याला दहाबारा नावं आहेत:
पाळीजवळचं वेगळं, कमळाखालचं वेगळं,
मासा झोपतो ते वेगळं.
मला त्यातली तीन येतात.

निबंधात मी लिहिलं:
पहिलीत मी 'मले' घेऊन आले होते,
बाईंनी खोडून 'मला' दिलं.
तिसरीत 'काऊन' गेलं.
पाचवीत 'येऊन राह्यली' गेली,
ती अजून कुठे येऊन राह्यली असेल.
आठवीत शुद्धलेखनात दुसरा नंबर आला.
आईनं प्रमाणपत्र लाखनीहून लॅमिनेट करून आणलं,
वीस रुपये.
त्या रात्री बाबा काहीतरी सांगत होते
आणि मी मनातल्या मनात त्यांची वाक्यं दुरुस्त करत होते.
हे पुस्तक लहान मुलांचं आहे, सर, मान्य.
भाडं लहानपणीच सुरू होतं.

'लेखकपरिचय, चार गुण' याच्यापुढे लिहिलं:
वाळवीला विचारावं लागेल.
खोडलं.
परत लिहिलं.

वही आली. वीसपैकी तेरा.
लाल शाईत: विषयांतर. लेखकपरिचय नाही.
'येऊन राह्यली' अशुद्ध.
आणि पार खाली, समासात, पेन्सिलीनं,
पुसता येईल इतकं फिकट:
भाऊ सापडतो का?

सुटीत सायकल स्टँडपाशी गाठलं त्यांना,
हेल्मेट चढवत होते.
म्हटलं, शेवटची सोळा पानं नाहीत, सर.
पट्टा हातात धरून ते तसेच उभे राहिले.
मग म्हणाले, काऊन नाही ठेवली जपून?

काऊन म्हणाले.
मला नाही वाटत त्यांना ऐकू आलं.
गाडीला दोनदा किक मारली, गेले.

संध्याकाळी बाबा दारात सिंगाडे सोलत होते,
बोटं काळी, नखांत चीक.
मी विचारलं, मासा झोपतो त्या पाण्याले काय म्हणते?
त्यांनी मान वर न करता सांगितलं.
लहानसा शब्द आहे.
मी दोनदा म्हणून पाहिला,
मग पाणी भरताना आणखी एकदा.

इथे लिहीत नाही.
पुढे बारावी आहे, मग भंडारा, नाहीतर नागपूर.
कुठे कुठे काय मागतील, सांगता येत नाही.