चाळीस ठिपके

तळाशीलला नेटवर्क रात्री नऊनंतर जरा बरं,
तेही पडवीच्या एका कोपऱ्यात, रिकाम्या टोपल्यांपाशी.
तिथे बसून मी दोन फोटो उतरवून घेतले.
तेजोमेघ एकच. अवकाशातली दुर्बीणही तीच.
मध्ये पंचवीस वर्षं.

खेकडा म्हणतात त्याला.
आई मागून वाकून बघते, "हेका डेंगे खंय आसत?"
नाहीतच.
फाटल्या जाळ्यासारख्या लाल दोऱ्या
आणि आत कसलासा निळा धूर.

एकावर एक ठेवले. कळ दाबत राहिले.
जुना, नवा, जुना, नवा.
काही हलेना.
उशिरा लक्षात आलं, मी जाळ्यावर जाळं जुळवत होते.

बाबा खाडीचं तोंड मोजायचे.
नारळी पुनवेनंतर होडी मधोमध उभी करून
तीन खुणा धरायचे:
देवळाचा कळस, पलीकडचा काळा खडक, मेतरांचं सुरू.
मग वहीत: दांडो बारा वाव दक्षिणेक.
"जां हलना नाय,
तेच्यावरसून हललला मोजूचा."

मी जाळं सोडलं.
मागचे बारीक तारे धरले, सात.
ताऱ्यावर तारा बसवला आणि कळ दाबली.

कडेच्या दोऱ्या सरकल्या बाहेर,
मधल्या जेमतेम.
सगळ्यात लांबची चाळीस ठिपके.
पडद्यावर तांदळाचा एक दाणा,
तिथे लाख कोटी किलोमीटर.
आणि हेही सगळं शिळं:
ही पंचवीस वर्षं तिथे होऊन गेली
साडेसहा हजार वर्षांमागे.

पहिला फोटो निघाला तेव्हा
आमच्या मागच्या दारापासून पाणी दोनशे पावलांवर होतं.
आज मी अंधारात मोजून आले. एकसष्ट.
माडांची एक रांग मध्येच संपते.

वहीत पुढे एका पानावर
बाबांचं अक्षर जरा तिरकं झालंय:
सुरू पडला. खूण गेली. ऱ्हवली दोन.
त्याखाली नेहमीसारखा आकडा.

झोपण्याआधी पुन्हा एकदा तपासलं.
सातातला एक तारा
अर्धा ठिपका डावीकडे.
आई म्हणाली, "मगे आता मोजतलंस कोणावरसून?"

वहीचं कोरं पान काढलं.
तारीख घातली.
एक तारा हलला. खूण गेली.
ऱ्हवली सहा.