चोडणच्या फेरीवर

सव्वाआठची फेरी. मी दोर सोडतो,
तोवर शशिकला च्यारी स्कूटरवर बसूनच,
एक पाय टेकवून,
पिग्मीचं यंत्र पिशवीतून काढते.
मी शंभर देतो.
रायबंदरचा धक्का लागेपर्यंत पावती निघते,
जिभेएवढी.

बुलेट होती माझी. अकरा महिने.
जत्रेत तीनदा फिरवली, मग विकली.
आवाज गेला,
हप्ता राहिला.

ही नदी मी दिवसातून चाळीसदा ओलांडतो,
ती तेवढीच उरते.
कर्जाचं तसं नसतं, आई म्हणते.
मला अजून खात्री नाही.

रात्री धक्क्यामागच्या खोलीत मिक्सर उघडतो.
आमच्याकडे नारळ वाटून वाटून मोटारी जळतात;
तांब्याच्या तारांना
शागुतीचा वास येतो.
एका दुरुस्तीचे दीडशे:
पन्नास घरी, शंभर वरच्या खिशात.
त्या खिशाला बटण लावून घेतलंय.

परवा शशिकलानंच मिक्सर आणला,
पायांमध्ये धरून, बाळासारखा.
ब्रश झिजले होते फक्त.
काल परत दिला. पैसे राहू दे म्हटलं.
"राहू दे, राहू दे करूनच बुडलास," ती म्हणाली.
पन्नासची नोट माझ्या हातात ठेवली
आणि लगेच स्वतःचा हात पुढे केला:
"आण ती इकडे."

यंत्र कुरकुरलं. एकशे पन्नास.

समोरून भोंगा झाला, मी दोराकडे धावलो.
पावती मुठीत भिजली.
आकडा वाचता येत होता अजून.