अस्तगडाला पायऱ्या नाहीत

दोन ते चार आमचा सर्व्हर दुरुस्तीला बंद असतो,
तेव्हाच खरं राज्य चालतं:
अँटॉप हिल, चार मजल्यांवरची गच्ची,
पाण्याच्या टाकीला पाठ लावून तिघं
आणि चौथा मी, वहीवाला.

रुझाय म्हणतो, तोफ हवीच.
सातशे वर्षं झाली राज्याला, अजून तलवारीच?
कुणाला तरी सापडली असेलच की दारू,
निदान चुकून, स्वयंपाक करताना.

निमिषा बोटांवर हिशोब मांडते:
तोफेचा पल्ला चाळीस, मांत्रिकाचा बावीस.
मंत्र पुटपुटेपर्यंत त्याचा कोळसा.
मग उद्यापासून मांत्रिक कोण घेईल, तू?
तिची आई भाऊच्या धक्क्यावर वाटे लावते.
कुणाच्या वाट्याला नुसते काटे आले
की हिला झोप लागत नाही.

मी वही उघडून पुरावा देतो. पान एकोणीस:
अस्तगडाला पायऱ्या नाहीत.
राजकन्या नाव उच्चारते आणि बुरूज
ढगांतून खाली उतरतो, तिला घेऊन परत जातो.
आता जिथे बुरूज नुसत्या नावाने हलतो
तिथे तोफ डागणार कशावर?
मला ते पान फार आवडतं. मी ते दोनदा वाचतो.

प्रबुद्ध इतका वेळ गप्प.
तो लिफ्टची कामं करतो. नखांत ग्रीस,
साबणाने न जाणारं.
म्हणतो, बुरजाचं वजन किती?
जादू आहे रे, मी म्हणतो.
असू दे जादू. दुसऱ्या टोकाला काय टांगलंय?
हा वर जातो तेव्हा तेवढंच काहीतरी खाली येत असणार.
आणि दोर कोण तपासतो?
सातशे वर्षांत एकदाही अडकला नाही म्हणतोस,
म्हणजे तळाशी कुणीतरी आहे.
तुझ्या वहीत नाही.

टाकीत पाणी चढू लागतं.
पंपाची थरथर पाठीतून कळते.

मग क्लासचा विषय निघतो.
मराठीत काय लिहायचं, अडीच महिने अडलंय.
वर्ग, मी म्हणतो.
वर्ग म्हटलं की मला बाक आठवतो, निमिषा म्हणते, शेवटचा.
रुझाय चणे चघळत, सहज:
मग जात लिही ना. सुरुवातीलाच निवडायची,
पुढे बदलता येत नाही. फिट बसतं.
हसतो. हसता हसता प्रबुद्धकडे बघतो
आणि रिकाम्या पुडीची घडी घालत बसतो,
उघडतो, पुन्हा घालतो.

निवडायची म्हणालास, प्रबुद्ध म्हणतो.
मग नाही बसत.

शेवटी मी 'पेशा' लिहिलं.
आणि त्याखाली, तो सांगत गेला तसं:
वंगणी.
हत्यार नाही. तेलाची बुधली, एक फडकं.
बुरजाच्या पोटात शिरू शकतो.
कान लावून सांगतो, अजून किती दिवस टिकेल.
त्याच्यावर पोवाडा नाही.

कोण खेळेल हे? निमिषा विचारते,
मोजायला बोटं उघडीच.
मी धनुर्धर कंटाळलोय, प्रबुद्ध म्हणतो.

पावणेचारला त्याचा फोन वाजतो.
नायगाव, नववा आणि दहावा यांच्या मध्ये
दोन माणसं, एक कुत्रा.
कुत्र्याला बोलत ठेवा, तो फोनवर सांगतो,
आणि पिशवी उचलून जिना उतरू लागतो.
आमच्या इमारतीला लिफ्ट नाही.

चारला सर्व्हर उठतो. आम्ही तिघं आत शिरतो.
त्याचा धनुर्धर वेशीवर तसाच उभा,
काल सोडला होता तिथे, भात्यात सहा बाण.
राजकन्या नाव घेते. बुरूज खाली येतो.
मधेच कुठेतरी, अगदी थोडं,
करकरल्यासारखं वाटतं मला.
ऐकलंत का?
रुझाय म्हणतो, तुझा हेडफोन सैल आहे.