उकळती रेघ

ब्रॅडफर्ड, मॅनिंगहॅम लेन,
गालिच्यांच्या दुकानावरचा मजला.
चौऱ्याहत्तरचा जानेवारी, आठवड्यातले तीनच दिवस वीज.
उरलेल्या दिवशी आम्ही खिडकीच्या काचेवर कागद धरायचो
आणि यॉर्कशरचा तो राखाडी उजेड
मिळेल तेवढा रेघेखाली घ्यायचो.

जाहिरात चहाची.
किटली फळीवरून उतरते, चार पावलं चालते,
कपापाशी येऊन वाकते. संपलं. बारा सेकंद.
पहिलं चित्र विनिफ्रेड ऑग्डेनचं, नववंही तिचंच,
दोन ते आठ मी भरायची.

ती पाच कागद बोटांत धरून उलटायची, सर्र, सर्र,
पुढून मागे, मागून पुढे,
आणि मान वर न करता म्हणायची,
"चौथ्यात हिचं पाणी सांडलं."
म्हणजे माझी किटली चौथ्या चित्रात बारीक झालेली असायची.
चेपलीस तर पसरू दे, ताणलीस तर निमुळती होऊ दे,
आतलं पाणी मात्र तेवढंच पाहिजे.

उडी मारायची, तर आधी खाली बसव.
पुढे न्यायची, तर आधी मागे झुकव.
हे मला ठाऊक होतं.
विमानात बसण्याआधी मीही आठ दिवस
कुडाळला मागे झुकून आलो होतो.

एकदा तिला पिंगुळीची चित्रकथी सांगितली.
एक चित्र पालथं पडतं, दुसरं उभं राहतं,
मधलं सगळं सांगणाऱ्याच्या गळ्यात.
"मग मधली चित्रं काढतं कोण?"
"ऐकणारे."
"फुकट?" ती म्हणाली.
"मिस्टर हेगच्या कानावर घालू नकोस."

चालणं जमलं. उभं राहणं जमेना.
उतरण्याआधी किटली दोन सेकंद विचार करते.
मी एकच चित्र काढून
अठ्ठेचाळीस चौकटी तेच ठेवलं.
फिल्म धुऊन आली, भिंतीवर लावली,
आणि किटली मेली.
वर वाफ हलतेय, मागे पडदा हलतोय, मधे मढं.

विनिफ्रेडने कोरा कागद सरकवला.
"तीच काढ. मग तीच पुन्हा. मग अजून एकदा.
हुबेहूब काढायचा प्रयत्न कर
आणि नापास हो."

तीन किटल्या. एक दोन तीन, दोन एक तीन.
रेघ जागच्या जागी उकळायला लागली
आणि फळीवरची ती बया
खरोखरच उतरू की नको करत उभी राहिली.

पुढे विनिफ्रेडचा हात थरथरू लागला.
डॉक्टरांनी त्याला नाव दिलं, मिस्टर हेगनी तिला घड्याळ.
शिप्लीला भेटायला गेलो
तेव्हा कप बशीवर वाजत होता.
"बघ," म्हणाली, "आता एकच काढलं तरी भागतं."

नंतरची वर्षं लीड्समध्ये.
बँकांची चिन्हं फिरवली, बातम्यांआधीचा निळा गोल उलगडला.
पहिली चौकट सांगायची, शेवटची सांगायची,
मधली यंत्र भरतं,
थेंबभर पाणी न सांडता.
जुन्या टेबलाची खुंट्यांची पट्टी
बिलांवर दाब म्हणून ठेवलेली.

शेवटच्या वर्षी शगुफ्ता आली, बावीस वर्षांची,
हेडफोन मानेत.
"रेघ हाताने काढल्यासारखी हवी म्हणतायत.
थरथर किती देऊ?"
पडद्यावर त्यासाठी एक रकाना होता,
आकडा घालायचा.

दोन, म्हणालो.
बघितलं. नाही, तीन कर.
तीनला बशी वाजली.
अडीच.

"अडीच कशावरून?"
तिने खुर्ची माझ्याकडे वळवली.
तोंड उघडण्याआधी मी
थोडा मागे झुकलो.