तीस, तीस, पंचेचाळीस

ओस्त्रावात नोव्हेंबर चारलाच मावळतो.
दाराची घंटा वाजली. आत आला
ट्रामच्या गणवेशातला माणूस, टोपी काखेत,
आणि कागद पुढे केला, तिकीट दाखवावं तसा:
तीस, तीस, पंचेचाळीस.
"सेंटिमीटर. काच आहे. दार पुढून उघडतं.
यात मावेल असं कुणीतरी द्या."

लोक उलटं करतात. आधी जीव उचलतात,
मग भांडं शोधत हिंडतात रविवारचे.
याच्याकडे घर आधी होतं.
आधी कोण राहायचं, मी विचारलं.
"काडीकिडे. मुलीचे. ती आता ओलोमोउत्सला असते."
आणि किडे?
"ते गेले. काच राहिली. शनिवारी पुसतो."
नाव सांगितलं, क्वेतोस्लाव्ह,
जणू तेही मोजून घ्यायचं होतं.

उंच काच, म्हणजे झाडावरचा कोळी, सोपं गणित.
मी डबी उघडली: गुलाबी तळव्यांची,
आत्ताच अळित्यातून चालत आल्यासारखी.
तो पुढे वाकला. मी झाकण लावलं.
हिला कोंदट चालत नाही, कोरडं चालत नाही,
बिथरली तर उडी थेट तुमच्या बाहीवर.
पहिल्या खेपेला असा पाहुणा घरी नेऊ नये.

चिलीची? संथ. इतकी, की महिनोन् महिने जेवत नाही,
आणि नवा माणूस तेवढ्यात झुरून अर्धा होतो.
शेंदरी गुडघ्यांची मेक्सिकन? देखणी. तिलाही ठाऊक आहे.
रुसली की पाठ करते, मागच्या पायांनी पोटाचे केस झाडते,
आणि तुम्ही रात्रभर मनगट खाजवत बसता.
शेवटी फळीच्या मागून काढली कुरळ्या केसांची,
तपकिरी, विस्कटलेली,
शाळेसाठी हलवून उठवलेल्या पोरासारखी.
"ही," तो म्हणाला.
मी अजून विचारलंच नव्हतं.

पण ही जमिनीवरची, जड पोटाची.
वरून घसरली तर पोट फुटतं. संपलं.
अंथरूण पाहून पाय पसरावे, खरंच;
इथे पाय आठ, आणि अंथरूण उभं.
काच कापता येत नाही, क्वेतोस्लाव्ह.
पडणं कापता येतं.
माती भरा. ओंजळभर नव्हे, दीड वीत,
नारळाचा भुसा मिसळून, थोपटून, दाबून.
वर बुचाच्या सालीचा आडोसा, पाण्याची बशी. बास.
"म्हणजे उंची वायाच?"
वाया कशी? खाली गेली. ती खणेल.

तीन पोती पायाशी घेऊन तो आठ नंबरने गेला.
जन्मभर पुढच्या काचेतून शहर पाहिलेला माणूस
मागच्या बाकावर,
मांडीवर डबी, डबीवर दोन्ही हात.

फेब्रुवारीत फोन. पहाटे सव्वातीन, पहिल्या फेरीआधी.
"उताणी पडलीय. पाय वर."
हात लावू नका. फुंकरसुद्धा नको.
मरताना ते पालथे असतात, पाय पोटाशी मुडपून.
ही कात टाकतेय.
मग फोन कुणीच ठेवला नाही.
पलीकडे किटली उकळली, गप्प झाली.
एकदा तो म्हणाला, "एक पाय सुटला."
बऱ्याच वेळाने, "दुसरा."

कात घेऊन आला काडेपेटीत, कापसावर.
मी ती ओली केली, भिंगाखाली उलगडली.
मादी.
नर असता तर चार-पाच वर्षं.
ही पंचवीस जगेल, कदाचित जास्तच.
त्याने बोटं मोजली, संपली, पुन्हा घेतली.
"म्हणजे मी त्र्याऐंशीचा."
मी काही बोलले नाही.
बाहेरून आठ नंबर घंटा देत गेली,
त्याने सवयीने घड्याळ पाहिलं: दोन मिनिटं उशीर.
"आणि दिवा? मी नसलो
तर संध्याकाळी दिवा कोण लावणार?"

दिवा लागतच नाही तिला, मी म्हटलं.

रातकिडे घेतले त्याने सहा.
लहान बघून.