हा तिसरा कोण

पैसे घेणाऱ्या कंपनीनं अर्ज परत पाठवला.
कारण एका ओळीत : गोपनीयता धोरणाचं पान नाही.
मे महिना. गोळीबार चौकात चिटपाखरू नाही,
कूलरच्या ताटीतून खसाचा वास
आणि अधूनमधून कोमट शिंतोडे.
मी कुठूनसं एक पान उचललं,
नाव बदलून 'शकुन लेडीज टेलर्स' केलं,
एका जागी 'आमची पादत्राणे' तशीच राहून गेली.

मावशी पिकोच्या मशीनवर होती. म्हणाली, वाच.
आम्ही आपल्या गोपनीयतेचा आदर करतो.
"बरं."
आपली माहिती आम्ही तृतीय पक्षास देऊ शकतो.
मशीन थांबलं.
"हा तिसरा कोण वं?"

मला सांगता येईना.
"बाई एक, मी दुसरी.
माप घेताना पडदा लावतो आपण.
आत तिसरा उभा कुठं राहते?"

मग तिनं वही काढली,
नाड्यानं बांधलेली, कडा तेलकट.
नावं नाहीतच. हिरवी चप्पल. बँकवाली.
पाचपावली, दोन पोरी.
त्यापुढं छाती, कंबर, मुंढा, बाहीघेर.
एका पानावर डावीकडचा आकडा खोडलेला,
बाजूला फक्त : कापूस, मऊ.
ऑपरेशनचं तिच्या घरी ठाऊक आहे,
भिशीतल्या बायकांना नाही.
"हे मले काहून ठाऊक? ब्लाऊज नीट बसावं म्हणून.
तेवढ्यापुरतंच."

एकदा सोयरीक घेऊन फिरणारी एक बाई
कात्रीखाली पन्नासाची नोट सरकवून बसली,
पोरीची कंबर किती, खरी सांगा.
मावशीनं नोट परत दिली, वर चहा पाजला.
इतवारीतल्या कापडवाल्याला दिवाळीआधी
सगळ्यांचे नंबर हवे होते, बदल्यात अस्तर फुकट.
त्या वर्षी अस्तर विकत आणलं.

आणि ती मुलगी,
घर सोडून जायच्या आदल्या संध्याकाळी आलेली.
माझं पान फाडून द्या.
मावशीनं का विचारलं नाही. फाडलं.
खालच्या पानावर पेन्सिल दाबून उमटलेले आकडे होते,
तेही पान दिलं.

रात्री मी सगळं पुसलं आणि हातानं लिहिलं.
तुमचं माप, नंबर, पत्ता घेतो,
शिवायला आणि पोचवायला, दुसऱ्या कशाला नाही.
माप आम्ही दोघीच बघतो.
पोचवणाऱ्या पोराला पत्ता कळतो, माप नाही.
कार्डाचा आकडा कंपनीकडं जातो, आमच्याकडं येतच नाही.
तीन वर्षं आला नाहीत तर पान काढून टाकू.
आधी हवं असेल तर फोन करा, दुपारी चारनंतर.
का ते विचारणार नाही.

इथवर आले आणि अडले.
साइटवर मीच एक फुकटचं यंत्र बसवलं होतं,
कोण कुठल्या गळ्यावर किती वेळ थांबली,
फोन कोणता, गाव कोणतं,
मोजतं आणि कुठंतरी पाठवतं.
कुठं? मला तरी कुठं ठाऊक.
पडद्याआड मीच उभा केलेला तो.

लिहून टाकावं एका ओळीत, की काढावं?
लिहिलं असतं तरी चाललं असतं, सगळेच लिहितात.
ओळ जुळवून पाहिली. मावशीला वाचून दाखवता येईल अशी
काही होईना.
दीड वाजता काढून टाकलं.

सकाळी तिनं पुन्हा ऐकलं सगळं, सुई ओठांत धरून.
आता किती जणी बघून गेल्या ते कळणार नाही, मी म्हटलं.
"आधी तरी कुठं कळत होतं. दारातल्या चपला मोज."
सुईत दोरा ओवला, गाठ मारली.
"पान फाडलं म्हनते तू.
अन् खालच्या पानावर उमटते त्याचं?"

बॅकअप.
मी खुर्ची परत ओढली.